खोडलेलं चौदावं कलम

४ ऑक्टोबर

दादा,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न फोडताच कोपऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता समोरच्या टेबलावरच्या मुलीकडून लिहून घेतला. चिडू नकोस. फोडलंच आहेस तर आता वाच.

अकरा वर्षं झाली. माझ्या नंबरवरून तुला फोन लागत नाही. वहिनीला लागतो, पण ती ‘ते बागेत आहेत’ म्हणते आणि ठेवते. अरे, अकरा वर्षं माणूस बागेत काय करतो? तुमची बाग म्हणजे चार कुंड्या!

गुडघा कसा आहे? मी बरी आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली. ग्रंथपालाच्या खोलीत बसते, खिडकी उघडली की गोदामाची भिंत दिसते. बाइंडिंगच्या तुझ्या खोलीची आता बैठकीची खोली झालीय. खाली गालिचा घातलाय, पण पुस्तकं दाबायचा तुझा शिकंजा जमिनीत बसवला होता त्याची चार भोकं गालिच्याखाली तशीच आहेत. ऑफिसच्या खुर्चीचं चाक तिथे अडतं. कुलगुरू दर बैठकीत अडतात आणि दर वेळी ‘हे बुजवून घ्या’ म्हणतात.

सध्या तिथे जर्नलांच्या करारावरून वाटाघाटी चालल्यात. तुला सगळं माहीत आहे, वहिनी वाचेल म्हणून लिहिते. आपले प्राध्यापक संशोधन करतात, लेख लिहितात, कंपनीला फुकट देतात. दुसरे प्राध्यापक ते लेख फुकट तपासतात. कंपनी ते जर्नलांत छापते, आणि मग आपणच लिहिलेलं आपल्याला वाचता यावं म्हणून विद्यापीठ तिला दरवर्षी पैसे मोजतं. वहिनी म्हणेल, तुम्ही शिकलेली माणसं का कोण? मला विचारू नये.

कंपनीतर्फे जो माणूस येतो त्याला आम्ही गोडबोल्या म्हणतो. आवाज कधी चढत नाही त्याचा. आपण किती भरतो ते दुसऱ्या विद्यापीठाला सांगायचं नाही, असंही करारात आहे. शेजारच्या विद्यापीठाची ग्रंथपाल माझी जुनी मैत्रीण. फोनवर आम्ही दोघी हवापाण्याचं बोलतो, मग एकमेकींचा खोकला विचारतो आणि ठेवतो. हे पत्रसुद्धा ऑफिसच्या मेलवरून पाठवता आलं नसतं.

हो, सहज आठवलं म्हणून विचारते. जर्नलांचे ते जुने बांधलेले खंड आपण काढून टाकले तेव्हा ते नेमके कुठे गेले रे? एका यादीत भरायचं आहे. घाई नाही.

तुझी,
ठमी


१९ ऑक्टोबर

दादा,

वहिनीने सांगितलं की तू पत्र वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि म्हणालास, “ठमी अशी सही केलीय म्हणजे लोणी लावतेय. काहीतरी अडलंय.”

अडलंय. यादीबिदी काही नाही.

यंदा जर्नलांच्या समितीला ऊत आलाय. रसायनवाले सर आठवतात ना, उंच, सतत चष्मा पुसणारे? ते समितीचे प्रमुख झालेत. त्यांनी सगळ्या विभागांत फिरून सह्या गोळा केल्या. कंपनी दर कमी करत नसेल तर एक जानेवारीपासून करार बंद. नवे अंक नाही मिळाले तर नाही मिळाले, लेखकालाच पत्र लिहून लेख मागवू. मला म्हणाले, “बाई, आजवर आपण शेपूट घालून सह्या करत आलो. ह्या वेळी नाही.” बरोबर बोलतात रे. माझं वय कमी असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

पण त्यांची सगळी हिंमत एका गोष्टीवर उभी आहे. त्यांना वाटतं, करार संपला तरी आजवर ज्यांचे पैसे भरले ते मागचे अंक आपल्याला कायम वाचता येतील. असं कलम मसुद्यात होतं, चौदावं. सही झालेल्या करारात ते नाही. अकरा वर्षांपूर्वी सही करताना ते कुणाच्या नजरेतून सुटलं. कुणाच्या म्हणजे माझ्याच, कारण वाचायचं काम माझं होतं. मूळ करार कपाटात असतो, समितीला मी दोन पानांचा सारांश देते. त्यात ‘मागील अंक’ ह्या शब्दांपुढे मी दरवर्षी ‘उपलब्ध’ असं लिहीत आलेय. उपलब्ध आहेतच की, करार चालू आहे तोवर.

म्हणजे एक जानेवारीला करार सोडला की नवे अंक तर जातीलच, पण पहिल्या अंकापासून आजपर्यंतचं सगळं एका झटक्यात बंद होईल. ज्या पोरी चार-चार वर्षं प्रबंधावर बसल्यात त्यांनी काय करायचं? सरांना हे सांगावं तर दरवर्षीचं ‘उपलब्ध’ गळ्याशी येतं. न सांगावं तर ते विद्यापीठाला खड्ड्यात घालतील आणि मी शेजारी उभी राहून बघेन. तिकडे गोडबोल्याला सगळं ठाऊक आहे. बोलत काही नाही, दर बैठकीत माझ्यासाठी खुर्ची ओढून देतो आणि हसतो. मला त्याचं थोबाड रंगवावंसं वाटतं.

म्हणून खंडांचं विचारलं. आणि दादा, मी तुला ओळखते. स्वतः दोऱ्याने जुजबंदी शिवलेली, कापडी पाठ लावून नावं घातलेली ती पुस्तकं तू रद्दीत जाऊ दिली नसणार. कुठेतरी लपवली असशील. माझ्यावर रागावलास म्हणून सांगितलं नाहीस. सगळी नको, अर्धी असली तरी माझा जीव वाचेल.

एका ओळीत कळव. ‘आहेत’ एवढं लिही.

ठमी


८ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर नाही, आणि मी एक गोष्ट करून बसलेय.

काल बैठक होती. एका बाजूला कुलगुरू, रसायनवाले सर आणि मी, समोर गोडबोल्या. सरांनी ताडकन सांगून टाकलं की दर उतरत नसेल तर आमचा नमस्कार घ्या. मला वाटलं आता गोडबोल्या गयावया करेल. कसलं काय! तो शांतपणे पाणी प्यायला आणि म्हणाला, “तुमची मर्जी. फक्त मागचे अंकही त्याच दिवशी बंद होतील. करारात तसंच आहे. बाईंना माहीत आहे.”

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. सरांचा चष्मा हातातच राहिला. दादा, त्या क्षणी खरं बोलायला काय हरकत होती? चार वाक्यं होती सगळी. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. मी म्हटलं, “होऊ द्या बंद. छापील खंड आहेत आमच्याकडे. माझ्या भावाने एकेक हाताने शिवलाय. त्याच्या ताब्यात आहेत.”

गोडबोल्याचं हसू मावळलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. कागद गोळा केले, “वरिष्ठांशी बोलतो” म्हणाला आणि गेला. सरांनी टेबलावर हात आपटला. कुलगुरू म्हणाले, “बाई, हुकमाचं पान इतकी वर्षं लपवून ठेवलंत!” मला दोनदा शाबासकी मिळाली. अर्धा तास मला स्वतःलाही खरंच वाटत होतं की तुझ्याकडे खंड आहेत. तुझ्या मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेले मला दिसत होते.

आता ऐक. समितीने ठराव केलाय. करार बंद करायचा, तशी नोटीस महिन्याअखेर कंपनीला द्यायची. आणि त्याआधी खंड परत आणायचे. २१ तारखेला विद्यापीठाची गाडी तुझ्याकडे येईल. सर स्वतः येणार आहेत, तुझे आभार मानायला.

दादा, आहेत ना रे?

ठमी


१४ नोव्हेंबर

दादा,

कार्ड मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळी फूटपट्टीने आखल्यासारख्या.

“पत्रं मिळाली. खंड नाहीत. रद्दीवाला पुठ्ठ्यासकट घेईना, कागद सुटा करून द्या म्हणाला. तसा तुझ्या सहीचा कागद खाली आला. चार हजार एकशे बारा. सात आठवडे लागले. गुडघा बरा आहे.”

तू फाडलेस. मी म्हणत होते लपवले असशील, आणि तू बसून एकेक शिवण कापलीस, पुठ्ठा वेगळा केलास, कागद वेगळा केलास. ज्याने बांधले त्यालाच सोडायला लावले. असलं काम शत्रूसुद्धा सांगत नाही. मला वाटलं होतं कंत्राटदाराची माणसं येऊन गाडी भरून घेऊन गेली असतील.

नाही. हेही खोटंच लिहिलं. आता तरी खरं लिहू दे. मला ठाऊक होतं. सात आठवडे खालून फाडण्याचा आवाज वर येत होता. तेवढे दिवस मी मागच्या जिन्याने ये-जा केली. शेवटचा खंड गेला त्या दिवशी तू चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्यास आणि गेलास, तेव्हा मी फोनवर असल्याचं नाटक केलं. फोनवर कुणीही नव्हतं.

आणि चौदावं कलम माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी काय कलम सोडणारी बाई आहे? काउंटरवरच्या कारकुनाची ग्रंथपाल झाले ती कागद वाचूनच, आणि ते वाचायला तूच शिकवलंस. माझ्या फीसाठी सुट्टीच्या दिवशीही शिकंज्याला लागायचास. ते कलम मी दिलं. शेवटच्या दिवशी गोडबोल्या म्हणाला, “दरवर्षीची वाढ थोडी खाली आणतो, तुम्ही चौदावं सोडा. कागदावरचं शोभेचं कलम आहे ते, करार कोण मोडतोय?” मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचं होतं. मी स्वतःच्या पेनाने ते खोडलं आणि बाजूला आद्याक्षरं घातली. वाढ कमी करून आणली म्हणून माझं कौतुक झालं, चार महिन्यांत ही खुर्ची मिळाली. आता सगळं संगणकावर कायमचं आहे, मग कागद कशाला, बाइंडिंग कशाला, असं टिपण मीच लिहिलं. तुझी खोली बंद करणारं टिपण, दादा. त्यातही ‘कायमचं’ असाच शब्द आहे, आणि तो लिहिताना चौदावं कलम खोडून मला तीनच आठवडे झाले होते.

आता मी जे मागणार आहे ते मागायला मला लाज वाटते. तरी मागते.

२१ला सर आले की त्यांना सांग, खंड ठेवले होते पण वाळवी लागली. एवढंच. वाळवीला कुणी जबाबदार नसतं. सर हळहळतील, पुढे काही विचारणार नाहीत. नोटीस थांबेल, करार चालू राहील, पोरींचे प्रबंध वाचतील. मीही वाचेन, हे मीच लिहून टाकते म्हणजे तुला लिहावं लागणार नाही. मी अजून दोन वर्षं मान खाली घालून काढीन. तुझ्यावर बोट आलं तर फार तर म्हातारा निष्काळजी निघाला एवढं म्हणतील.

बघ, कशी लिहून गेले.

ठमी


२७ नोव्हेंबर

दादा,

२१ला सर संध्याकाळी परत आले. गाडी रिकामी. माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि पाकीट पुढे केलं. म्हणाले, “तुमचे बंधू म्हणाले, खंडांचं काय झालं ते ह्यात आहे. पण नाव तिचं आहे, तिलाच फोडू द्या.” मी विचारलं, आणखी काय बोलला? “काही नाही. चहा दिला. तुम्ही अजून उपाशीपोटी कामाला बसता का, एवढं विचारलं.”

सरांनी पाकीट खरंच फोडलं नव्हतं. ते भले गृहस्थ आहेत, मला त्यांचा राग येतो.

‘उद्या बैठकीत सांगते’ म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी अकराला बैठक. त्याआधी स्वच्छतागृहात जाऊन मी पाकीट उघडलं. आत माझ्या सहीचा तो कागद. ‘पुठ्ठे विलग करून रद्दी सुटी करून द्यावी. काम बाइंडिंग विभागाने करावे.’ खाली सही आणि तारीख. बस. तुझी एक ओळ नाही. मी उलटून पाहिलं, मागे तरी काही लिहिलं असशील म्हणून.

म्हणजे तू वाळवी म्हणाला नाहीस आणि मला उघडंही पाडलं नाहीस. कागद फाडून कमोडमध्ये टाकला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. बैठकीत शिरेपर्यंत वाळवी माझ्या जिभेवरच होती. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय निघालं, बाई?” आणि मी तोंड उघडलं तर उपाशीपोटी कामाला बसता का, हे मध्येच आठवलं. मेलं, मला रडूच फुटलं. एवढ्या माणसांत नाक पुसत मी तो कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं. खंड, चौदावं कलम, आद्याक्षरं, ‘उपलब्ध’. सगळं. सर ऐकता ऐकता चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, “अकरा वर्षं तुम्हाला माहीत होतं.” मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला वाटलं, चला, आता हाकलतील. हाकललं की सुटले.

कुलगुरूंनी दार लावून घ्यायला सांगितलं. नोटीस रद्द. काल पाच वर्षांच्या करारावर सही झाली, कंपनी म्हणेल त्या दराने. मी गोडबोल्याला म्हटलं, बाकी काही नको, चौदावं कलम परत घाला. तो म्हणाला, “आता ते आम्ही कुणालाच देत नाही, बाई.” पुन्हा माझी खुर्ची ओढून दिली. आणि सही कोणी करायची? ग्रंथपालाने. मी कुलगुरूंना म्हटलं, मला काढा. ते म्हणाले, “तुम्हाला काढायचं तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं तर कराराची गुप्तता मोडेल. बसा जागेवर.” म्हणजे खरं बोलून झालं, आणि मी तिथेच आहे. त्याच खुर्चीत, तीच भिंत बघत. जे सांगितलं ते त्या खोलीच्या बाहेर न्यायचं नाही, असा एक वेगळा कागदही माझ्याकडून लिहून घेतलाय.

आज सकाळी शेजारच्या विद्यापीठातल्या मैत्रिणीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, आमच्याकडे पुढच्या आठवड्यात रंगकाम आहे, तळघर रिकामं करतोय, जुने खंड रद्दीत काढतोय. पुढच्या महिन्यात तिच्या टेबलावर हाच करार येणार आहे. हाच गोडबोल्या हेच बोलणार आहे. मी काय बोलले? मी तिचा खोकला विचारला.

फोन ठेवल्यावर हे पत्र लिहायला घेतलं ते एवढ्याचसाठी, की तू कुठल्याच कागदावर सही केलेली नाहीस. माझी सगळी पत्रं तुझ्याकडे आहेत, त्यांत सगळं आहे. ती तू तिला पाठव. पत्ता मागच्या बाजूला लिहिते. कंपनीला कळलं तर माझी नोकरी जाईल, निवृत्तिवेतनही बहुतेक जाईल. ते तुला अडवायला लिहीत नाही, माहीत असावं म्हणून


दुपारी तीन

वरचं वाक्य अर्धंच टाकून उठले. वाचून बघितलं तर काय, पुन्हा तुझ्याच हातून! खंड तू फाडायचे, वाळवी तू सांगायची, आता पत्रंही तूच पाठवायची. मी आपली खुर्चीत बसून सही करणार. लाज वाटली रे.

मग तिला वेगळं पत्र लिहिलं. चौदावं कलम सोडू नकोस, दर आम्हाला काय लावलाय, आणि तळघरातल्या एकाही खंडाला हात लावू देऊ नकोस. खाली माझं पूर्ण नाव आणि हुद्दा घातला, शिक्का मारला. वरचं तुला सांगितलेलं रद्द. तू काही करू नकोस.

खाली जाऊन कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत टाकून आले. टाकल्यावर फटीत बोटं घालून पाहिली, खोटं कशाला सांगू. मनगटापर्यंत हात गेला, एक बाई थांबून बघायला लागली. पत्र निघत नाही.

ठमी